रखडलेलं मरण

दिवाळीच्या सुट्टीत भाची आठ दिवस राहायला आली होती. माझ्या कपाटातली पुस्तकं चाळता चाळता ती मध्येच थांबली. "मामा, मराठीत झॉम्बींवर एवढं जाडजूड पुस्तक आहे?" तिच्या हातात आनंद यादवांची 'झोंबी' होती.

कागलच्या एका पोरानं शाळेत जाता यावं म्हणून बापाशी, गरिबीशी आणि रानातल्या न संपणाऱ्या कामाशी घेतलेली ही झोंबी १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी तिला शब्द उलगडून सांगायला बसलो. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. मिरची जिभेला झोंबते, गार वारा कानाला झोंबतो, एखाद्याचं बोलणं मनाला झोंबतं. जे झोंबतं ते सहजासहजी सुटत नाही. २०२२ साली आदित्य सरपोतदारांनी डोंबिवलीच्या नावात हाच नाद मिसळून 'झोंबिवली' हा चित्रपट काढला, तेव्हा ते नाव मराठी तोंडात लगेच बसलं, कारण झोंबी आपल्याकडे आधीपासूनच नांदत होती. झोंबी आणि झॉम्बी या दोन शब्दांचं एकमेकांशी कुळाचं काही नातं नाही. एक इथल्या मातीतला, दुसरा आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांत बसून अटलांटिकपलीकडे गेलेला.

त्या दुसऱ्या शब्दापायी आमच्या घरात दोन रात्री वाद चालला. भाचीला झॅक स्नायडरचा २००४ सालचा 'डॉन ऑफ द डेड' पाठ होता. तो ज्याचा रिमेक आहे, तो जॉर्ज रोमेरोचा १९७८ सालचा मूळ चित्रपट तिनं पाहिला नव्हता. आम्ही आधी जुना पाहिला, दुसऱ्या दिवशी नवा. घरातले बहुतेक सगळे बसले होते.

मतं लगेच फुटली. भाची म्हणाली, "मामा, यांना तर मी गप्पा मारत चालत चालत मागे टाकीन. यांना घाबरायचं कशाला?" भाऊजींना जुन्यातलं रक्त खटकलं, ते रंगाच्या डब्यातून ओतल्यासारखं लालभडक दिसतं, मुडद्यांचे चेहरेही नुसते राखाडी-निळे रंगवलेले. नव्यात सगळं खरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. आई मेथी निवडत बसली होती. तिला गोष्टीत फारसा रस नव्हता, पण मध्येच मान वर करून पडद्याकडे बघत ती म्हणाली, "दमलेत गं बिचारे."

माझं मत आईच्या बाजूनं पडलं. का, ते सांगायचं तर शब्दाच्या माहेरी जावं लागेल.

मध्य आफ्रिकेतल्या कोंगो भाषेत 'न्झांबी' म्हणजे देव, आणि अंगोलाच्या किम्बुंडू भाषेत 'न्झुंबी' म्हणजे मेलेल्या माणसाचा आत्मा. व्युत्पत्तिकार या दोन्हींकडे बोट दाखवतात. सतराव्या शतकात ब्राझीलमध्ये पळून आलेल्या गुलामांनी पाल्मारेस नावाची स्वतःची वसाहत उभी केली होती. तिच्या शेवटच्या नायकाचं नाव झुंबी. पोर्तुगीजांनी त्याला २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारलं आणि आज ब्राझीलमध्ये तो दिवस कृष्णवर्णीयांच्या अस्मितेचा दिवस म्हणून पाळला जातो. रॉबर्ट सदी या इंग्रज कवीनं ब्राझीलचा इतिहास लिहिताना १८१९ साली याच माणसाविषयी हा शब्द वापरला, आणि इंग्रजीतली शब्दाची सर्वांत जुनी नोंद म्हणून कोशकार तीच दाखवतात. ज्या नावाच्या माणसानं गुलामीपुढे मान तुकवली नाही, त्याच नादाचा शब्द पुढे ज्याला मानच वर करता येत नाही अशा माणसाला लागला.

तो लागला हैतीत. फ्रेंचांच्या ताब्यात असताना ही जगातली सर्वांत श्रीमंत साखरेची वसाहत होती आणि १७८९ च्या सुमारास तिथं जवळपास पाच लाख गुलाम राबत होते. ऊस तोडायचा, चरकात घालायचा, रस आटवायचा, आणि हंगामात रात्र रात्र जागायचं. या माणसांची एक श्रद्धा होती, की मेल्यावर आपण समुद्रापलीकडे, गिनीला, म्हणजे आपल्या आफ्रिकेला परत जातो. मरण हीच घरी जायची वाट. मग सर्वांत भयंकर गोष्ट कोणती असेल? मेल्यावरही घरी जाता न येणं. कुणीतरी मांत्रिकानं थडग्यातून उठवावं, जीव काढून घेऊन नुसतं अंग ठेवावं आणि पुन्हा फडात उभं करावं. हैतीचा झोंबी हा असा आहे. तो कुणाला चावत नाही, कुणाच्या मागे धावत नाही. हैतीत झोंबीला कुणी घाबरत नसे, आपण झोंबी होऊ याला घाबरत असत.

१९१५ ते १९३४ या काळात हैतीवर अमेरिकी सैन्याचा ताबा होता. त्याच दरम्यान विल्यम सीब्रुक हा प्रवासी लेखक तिथं राहिला आणि १९२९ साली त्याचं 'द मॅजिक आयलंड' प्रसिद्ध झालं. त्यात एक ऐकीव हकीकत आहे. उसाच्या हंगामात एक मुकादम फाटक्या कपड्यांतल्या, शून्य नजरेच्या माणसांची टोळी घेऊन अमेरिकी साखर कंपनीच्या कामावर येतो. माणसं मुकाट राबतात, मजुरी मुकादम घेतो. त्यांना जेवण द्यायचं ते अळणी, कारण झोंबीच्या जिभेला मीठ लागलं की आपण मेलेलो आहोत हे त्याला कळतं. एका सणाला मुकादमाच्या बायकोला त्यांची दया येते आणि ती त्यांना बाजारात नेऊन खाऊ घेऊन देते. उसाच्या काकवीत दाणे घालून थापलेल्या वड्या, आपल्या चिक्कीच्या जातीच्या. वड्या गोड, पण करणारीनं दाणे आधी खारवलेले होते. ते मीठ जिभेला लागलं मात्र, सगळे एकदम ओरडून उठले आणि डोंगरातल्या आपल्या गावाची वाट धरून चालू लागले. गावच्या स्मशानात पोचल्यावर आपापल्या थडग्याची माती उकरली आणि तिथंच कोसळले.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. मनात आपला वाक्प्रचार घोळत होता: खाल्ल्या मिठाला जागणं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान राखायचं, म्हणजे जागायचं. आपल्याकडे मीठ चाकराला धन्याशी बांधतं. हैतीतही मीठ खाल्लेला जागतोच, पण तो धन्यापासून सुटण्यासाठी. शब्द तेच, मीठ आणि जाग, आणि अर्थ बरोबर उलटे. धन्याच्या घरी बसून पाहिलं तर एक अर्थ दिसतो, फडात उभं राहून पाहिलं तर दुसरा. आणि आपला 'मीठ' हा शब्दही मूळचा 'मृष्ट' किंवा 'मिष्ट' यातून आलेला. हिंदीत त्याच कुळातला 'मीठा' गोड झाला, मराठीत आणि गुजरातीत खारट. 'अळणी' मात्र सरळ 'अलवण'. गोड वडीत लपलेलं मीठ ही कल्पना मराठी शब्दाच्या पोटात आधीपासूनच आहे, हे लक्षात आल्यावर मला त्या अनोळखी वडीवालीविषयी फार जवळीक वाटली.

सीब्रुकच्या पुस्तकानंतर तीन वर्षांनी, १९३२ साली, 'व्हाइट झॉम्बी' हा चित्रपट आला. बेला लुगोसी त्यात मांत्रिक आहे. त्यातल्या साखर कारखान्याच्या दृश्यात मेलेली माणसं घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत चरक ओढत असतात. एक तोल जाऊन खाली यंत्रात पडतो. बाकीचे थांबत नाहीत. कुणी वळूनही बघत नाही. लाकडाची करकर तेवढी चालू राहते. पुढे नव्वद वर्षांत पडद्यावर कितीतरी झॉम्बी आले, पण शब्दाचा अर्थ इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

मग रोमेरो. १९६८ साली पिट्सबर्गच्या आसपास, एक लाख डॉलरहून थोड्याशा जास्त खर्चात त्यानं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. त्यात मेलेले उठून जिवंतांना खातात, पण झॉम्बी हा शब्द चित्रपटभर एकदाही येत नाही. पात्रं त्यांना 'घूल' म्हणतात, हा अरबीतून आलेला, प्रेतं खाणाऱ्या पिशाच्चाचा शब्द. रोमेरोच्या मनात झॉम्बी म्हणजे कॅरिबियनमधले ते राबणारे. आपल्या मुडद्यांना त्यानं ते नाव दिलंच नव्हतं, दिलं ते प्रेक्षकांनी. आणि मला वाटतं प्रेक्षकांचा कान खरा होता. मालक नाहीसा झाला होता, मांत्रिक नाहीसा झाला होता, पण त्या पाय ओढत येणाऱ्या चालीत लोकांना फडातला थकवा ओळखू आला.

दहा वर्षांनी त्यानं हे मुडदे पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये आणले. चित्रीकरण रात्री, दुकानं मिटल्यावर व्हायचं आणि नाताळची सजावट लागली तेव्हा काही आठवडे थांबवावं लागलं होतं. मुडदे सरकत्या जिन्यावर धडपडतात, कारंज्यात पडतात, वर गुळगुळीत संगीत वाजत असतं. ते इथं का येतात, तर जिवंतपणी इथं येण्याची सवय होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी भाचीचा लाडका रिमेक पाहिला. पहिली दहा मिनिटं तर मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. लांबलेली पाळी संपवून घरी आलेली ॲना नावाची नर्स झोपते. पहाटे शेजारची छोटी मुलगी खोलीच्या दारात उभी असते. ती नवऱ्याच्या गळ्याचा लचका तोडते, तो मरतो आणि काही क्षणांत उठून बायकोवर झेप घेतो. ॲना न्हाणीघराच्या खिडकीतून निसटते, गाडी काढते, तो गाडीमागे जिवाच्या आकांतानं पळतो आणि मध्येच दुसरं माणूस दिसताच तिकडे वळतो. दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट. हात बसलेला आहे यात शंका नाही.

पण तो पळणारा नवरा झॉम्बी आहे का? मराठीत त्याच्यासाठी नेमका शब्द तयार आहे: पिसाळलेला. पिसाळलेलं कुत्रं असंच धावतं, असंच लचका तोडतं आणि ज्याला चावेल त्याला आपल्यासारखं करतं. 'पिसा' म्हणजे वेडा हा शब्द 'पिशाच'वरून आला असं मानतात आणि पिसाळणंही त्याच घरचं दिसतं. डॅनी बॉइलच्या २००२ सालच्या '२८ डेज लेटर'मधले धावणारे तर मेलेलेही नाहीत, त्यांना रोगाची लागण झालेली आहे. तिथं पिसाळणं चपखल बसतं. स्नायडरनं ते पिसाळणं मुडद्यांच्या अंगात घातलं.

पळावं की नाही यावर जगभरच्या प्रेक्षकांनी मनापासून भांडण केलं आहे. सायमन पेग या ब्रिटिश नटानं २००८ साली पळणाऱ्यांच्या विरोधात वर्तमानपत्रात लेख लिहिला. खुद्द रोमेरो म्हणायचा की मेलेल्यांनी पळायचं ठरवलं तर घोटेच मोडतील. रिमेकची सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं त्याला आवडली होती, पुढे मात्र चित्रपटाचं प्रयोजनच हरवलं असं त्याचं मत होतं. मीही तेच म्हणेन. नव्यात मॉल ही लपायला बरी जागा आहे, एवढंच. रिमेकच वाईट असतात असं मी म्हणत नाही. आपल्या नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' असं लिहितात आणि जुनं नाटक उभं केलं की त्याला पुनरुज्जीवन म्हणतात. टॉम सॅव्हिनीनं १९९० साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं जे पुनरुज्जीवन केलं, त्यात मूळची भेदरून गप्प बसलेली बार्बरा बंदूक हातात घेऊन उभी राहते. मुडदे हळूहळूच चालतात आणि ती शांतपणे म्हणते की हे तर मागे टाकता येतील. माझ्या भाचीनं वेगळं काय म्हटलं होतं?

भाचीनं विचारलं, "पण मामा, त्यांच्या त्या चालण्याला मराठीत म्हणायचं काय?" आम्ही शब्द लावून पाहिले. लटपटत? त्यात अशक्तपणा आहे. झोकांड्या खात? त्यात नशा आहे. फरफटत? त्याला ओढणारा दुसरा लागतो, तो हैतीत होता, मॉलमध्ये दिसत नाही. खुरडत जाणारा तर जमीनच सोडत नाही. शेवटी 'रखडत' बसला. माणूस रखडत चालतो आणि काम रखडतं. व्हायला हवं होतं, पण पुरं झालं नाही, ते रखडलेलं. या लोकांचं मरण रखडलं आहे. आपलं 'प्रेत' म्हणजे 'प्र-इत', पुढे निघून गेलेला. भूत म्हणजे होऊन गेलेलं. वेताळ प्रेतात शिरतो खरा, पण त्याच्या गोष्टीत तो राजाला प्रश्न विचारतो, उत्तर ऐकून परत झाडाला जाऊन लटकतो. गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे, बेताळभाटी गावाचं नावच त्याच्यावरून पडलं. आपल्या या सगळ्यांना काहीतरी बोलायचं असतं, मागायचं असतं. झॉम्बीला काही मागायचं नाही. म्हणून त्याला मराठीत दुसरं नाव न शोधता झॉम्बीच म्हणावं, असं मला वाटतं. त्या शब्दात जे भोगलेलं आहे ते आपल्या शब्दांत उतरणार नाही.

जायच्या आदल्या रात्री भाचीनं जुना चित्रपट पुन्हा लावला, एकटीनंच. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा तिनं पडदा थांबवून ठेवला होता. मुडद्यांच्या गर्दीत एक नन होती, एक भगव्या वस्त्रांतला हरे कृष्णवाला आणि एक पांढऱ्या गणवेशातली नर्स.

"मामा," ती म्हणाली, "ही अजून ड्यूटीवरच आहे."