लिलोची दोन अक्षरे

कपाट आवरताना परवा एक फ्लॉपी सापडली आणि २००१ सालचा एक रविवार आठवला. भाच्याने माझी हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये बसवली, बटण दाबले, तर काळ्या पडद्यावर 'एल' आणि 'आय' ही दोन इंग्रजी अक्षरे उमटली आणि पुढे सगळे ठप्प. त्या डिस्कवर आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. ती जाण्याआधी तिच्याजवळ बसून उतरवून घेतलेल्या. दुसरी प्रत नव्हती. (हो, मुलांना प्रत ठेवायला सांगणारा मास्तर मीच!)

भाचा म्हणाला, "मामा, ओव्या कुठे गेल्या नाहीत. फक्त पत्ता चुकलाय."

हा पत्ता म्हणजे काय, हे समजायला मला बरेच मागे जावे लागले. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्कच नव्हती. १९८३ मध्ये १० मेगाबाइटची डिस्क घेऊन एक्सटी आला आणि डॉस २.० ने डिस्कचे चारपर्यंत भाग पाडायची सोय दिली. त्या भागांची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये. नोंदीला ६४, शेवटच्या खुणेला २, आणि संगणक पुढे चालू करणाऱ्या सूचनांना उरले ४४६! युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत मराठीचे एकेक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खाते. म्हणजे तेवढ्या जागेत जेमतेम १४८ चिन्हे. पोस्टकार्ड याहून उदार.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदवायचे तर सुरुवातीला 'कोण हवे?' असे विचारणारा कोणीतरी लागतो. वर्नर आल्म्सबर्गर यांचा लिलो, म्हणजे 'लिनक्स लोडर', १९९२ पासून ते काम करू लागला. एवढ्याशा जागेत फाइल शोधण्याची अक्कल मावत नाही, म्हणून ती डिस्कवर नेमकी कुठे आहे तेवढेच तो लिहून ठेवी. लिनक्सचा गाभा बदलला की लिलो पुन्हा बसवायचा, नाहीतर स्वारी जुन्याच पत्त्यावर. मात्र एकेक टप्पा पार पडला की तो स्वतःच्या नावाचे एकेक अक्षर छापी. नाव कुठे तुटले त्यावरून दुखणे कळे. आमच्याकडे दुसरा टप्पा वाचला गेला, पण चालू झाला नाही, कारण नव्या मशीनचे डिस्क मोजायचे गणित वेगळे होते. कुठे अडलो ते सांगणारा विद्यार्थी मला नेहमीच आवडला आहे.

१९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी ग्रब लिहायला घेतला. तो फाइल सिस्टिम स्वतः वाचतो, त्यामुळे पत्ते पाठ करण्याची गरज नाही. लिलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला.

तर त्या रविवारी भाच्याने फ्लॉपीवरून लिनक्स सुरू केले आणि एक आज्ञा दिली. पुन्हा बटण दाबले. चारही अक्षरे आली. मी चहासुद्धा न घेता ओव्या दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवल्या. परवा सापडली ती हीच. ओव्या आता तीन ठिकाणी आहेत, पण ही फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह घरात नाही. असो.