रेव्हरंड टिळकांचे आत्मसमर्पण
ख्रिस्ती साधनेत ईश्वरी इच्छा ओळखायची, तर आधी स्वेच्छा सोडावी लागते. गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना हा त्याचा आदर्श. मराठीत या समर्पणाचे ठळक उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडून संन्यास पत्करला व साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही तेथे स्थान होते. तत्कालीन मिशनच्या चौकटीत हे धाडसच! त्यागाची झळ मात्र घरालाही लागली. ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त, काहीशा मिश्किलपणे, नोंदलेली आहे.