पंक्चर, लुना आणि चाकातली मोटर

मंडळी, आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) पंक्चर हा जिव्हाळ्याचा विषय आहे. कोरडे माळ, कडेला बाभळी आणि पायवाटेवर सराटा. त्यामुळे इलेक्ट्रिक स्कूटर घेणारा तोंडाने रेंज विचारतो, मनात मात्र वेगळंच असतं: पंक्चर झाली तर काढणार कोण? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे.

हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ चं, रॉबर्ट थॉमसनचं. ते फारसं चाललं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने (पेशाने जनावरांचा डॉक्टर!) मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तेच पुन्हा शोधलं आणि ते जगभर गेलं. पण टायर चाकाला चिकटवलेला असायचा. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंकडे असं एक पंक्चर आलं. काढायला तीन तास आणि गोंद वाळायला रात्र! मग १८९१ मध्ये त्यांनी चाकावरून सुटणारा टायर काढला. त्याच वर्षी शार्ल तेराँ तो टायर वापरून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकला. माझ्या मते पंक्चरवाल्याचा धंदा खरा इथे सुरू झाला. टायर सुटला, म्हणून काम रस्त्याच्या कडेला आलं.

नगरचा अध्याय १९७२ चा. त्या वर्षी कायनेटिकने लुना आणली. पियाजिओच्या 'चाओ'च्या परवान्यावर, ५० सीसीची. हिला पॅडल आणि सायकलसारखी तारांची चाकं. म्हणजे सायकलचा पंक्चरवाला आपोआप लुनाचाही झाला. ट्यूब बाहेर ओढा, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे बघा, कानशीने घासा, सोल्युशन, ठिगळ. आम्ही इंजिनियर ज्याला डीबगिंग म्हणतो, ते हेच.

आता आजचं. टीव्हीएस आयक्यूबसारख्या स्कूटरमध्ये मोटर मागच्या चाकातच असते. चाक काढायचं म्हणजे वायरी सोडवायच्या आणि बसवताना अचूक जोडायच्या. यावर उतारा म्हणजे ट्यूबलेस टायर. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते. रेंज अचानक घटली, तर बॅटरीला शिव्या देण्याआधी हवा तपासा. कमी हवेचा टायर जास्त वीज खातो. स्कूटर बंद करून साबणाचं पाणी लावायचं, आधी व्हॉल्व्हला, मग चाक फिरवत नक्षीवर. बुडबुडा दिसला की खिळा उपसायचा, भोक घासायचं, चिकट रबरी दोरी खुपसून टोकं कापायची. चाक जागेवरच.

पण दोरी चालते फक्त नक्षीवरच्या भोकाला. टायर बाजूने फाटला किंवा झिजला, की चाक काढावंच लागतं, आणि तिथे गोंदाच्या टायरचे दिवस परत येतात: काम कडेच्या दुकानातून सर्व्हिस सेंटरकडे जातं. शहरात ठीक आहे, पण पाथर्डी-कर्जतकडच्या खेड्यात?

कायनेटिक ग्रीनने फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लुना आणली, तिला पुन्हा १६ इंची तारांची चाकं आहेत. कुणी याला जुन्या आठवणींचा बाजार म्हणेल. मला विचाराल, तर गावात चालणाऱ्या गाडीची पहिली परीक्षा घमेल्यापाशीच होते. वायरी बिनचूक सोडवायला-जोडायला शिकलेला एक पंक्चरवाला प्रत्येक बाजाराच्या गावी हवा. चार्जिंग स्टेशनइतकाच तोही गरजेचा आहे.

असो. सराटा काही पेट्रोल की वीज विचारत नाही :-)