परदेशात गेल्यावर भारतातला नंबर चालू कसा ठेवायचा? रोमिंग, ई-सिम आणि ओटीपीचं गणित

परदेशी जाणारा माणूस आता घरच्यांशी बोलायला साधा फोन फारसा लावत नाही. हॉटेलचं वायफाय मिळालं की व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल होतो. त्यामुळे 'भारतातलं सिम बंद पडलं तरी काय बिघडतं?' असं अनेकांना वाटतं. बिघडतं ते बँकेत पैसे पाठवताना, रद्द झालेल्या विमानाऐवजी दुसरं तिकीट काढताना, किंवा हरवलेलं कार्ड बंद करायला बँकेच्या ॲपमध्ये लॉगिन करताना. या प्रत्येक ठिकाणी ओटीपी लागू शकतो, आणि तो जातो भारतातल्या नंबरवर.

म्हणजे प्रवासात दोन वेगळ्या गरजा असतात. नेट हवं असतं, ते कुठल्याही सिमवरून मिळालं तरी चालतं. पण एसएमएस भारतातल्या नंबरवरच यावे लागतात. गोंधळ आणि खर्च वाढतो तो या दोन्ही गरजा एकाच सिमवर भागवायला गेल्यावर, किंवा नेटसाठी नवं सिम घालून जुनं पाकिटात ठेवून दिल्यावर.

रोमिंगमध्ये नेमकं काय होतं?

सिंगापूरला उतरून फोन चालू केला की तिथलं नेटवर्क सिममधला ओळख क्रमांक वाचतो. भारतातल्या सिमचे हे क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतात. त्यावरून हा पाहुणा कुठल्या देशाचा आणि कुठल्या कंपनीचा हे कळतं. सिंगापूरची कंपनी भारतातल्या कंपनीला विचारते. तिनं होकार दिला तर फोनला रेंज मिळते, आणि ग्राहक सध्या कुठे आहे याची नोंद भारतात होते.

आता पुण्याहून कोणी फोन केला, तर तो आधी भारतातल्या कंपनीकडे जातो आणि तिथून सिंगापूरला वळवला जातो. फोन करणाऱ्याला फक्त देशातल्या देशात फोन लावल्याचा खर्च येतो, कारण समोरचा परदेशात आहे हे त्याला माहीतच नसतं. भारत ते सिंगापूर या टप्प्याचा खर्च उचलावा लागतो तो फोन घेणाऱ्याला. म्हणून रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात. पॅक नसेल तर कर्ज देऊ करणाऱ्या कंपनीचा फोन उचलणंसुद्धा महागात जातं.

टूरवर गेलेल्यांची आणखी एक गंमत होते. पॅरिसमध्ये एकाच चौकात चुकामूक झालेल्या दोघांनी आपापल्या भारतीय नंबरवरून एकमेकांना फोन केला, तर तो कॉल पॅरिसहून भारतात जातो आणि भारतातून परत पॅरिसला येतो. एक जण आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे भरतो, तर दुसरा रोमिंगमध्ये आलेल्या कॉलचे. अशा वेळी व्हॉट्सॲप कॉलच बरा.

एसएमएसची गोष्ट वेगळी आहे. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला बहुतेक भारतीय कंपन्या पैसे लावत नाहीत. मात्र त्यासाठी नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असावं लागतं, आणि अनेक सिमवर ते आपोआप चालू नसतं. कंपनीच्या ॲपमधून किंवा कस्टमर केअरला सांगून ते निघण्याआधीच चालू करून घ्यावं. परदेशात पोचल्यावर रेंज नसलेल्या फोनवरून कस्टमर केअर गाठणं फार अवघड जातं.

स्वस्तात भागवायचं तर

आजचे बहुतेक स्मार्टफोन दोन सिमचे असतात, आणि अनेकांत ई-सिमही चालतं. ई-सिम म्हणजे प्लास्टिकचा तुकडा नसलेलं सिम. क्यूआर कोड स्कॅन केला की ते फोनमध्ये उतरतं. त्यामुळे भारतीय सिम जागेवर ठेवून, नेटसाठी त्या देशाचं ई-सिम किंवा दुकानातलं साधं सिम दुसऱ्या जागी घालता येतं.

सेटिंग मात्र नीट बघावं लागतं. मोबाइल डेटासाठी परदेशी सिम निवडायचं आणि भारतीय सिमवरचं डेटा रोमिंग बंद करायचं. पण ते सिमच बंद करायचं नाही, नाहीतर ओटीपी येणार नाही. आयफोनमध्ये एका सिमची रेंज गेली की दुसऱ्या सिमवरून डेटा घेण्याची मुभा देणारं एक बटण असतं. तेही बंद ठेवावं. दिवसभर नकाशा आणि रील्स कुठल्या सिमवर चालले हे बिल आल्यावर कळण्यात अर्थ नाही.

ई-सिम उतरवायला नेट लागतं, म्हणून हे काम घरच्या वायफायवर करून निघालेलं चांगलं. प्रवाशांसाठी ऑनलाइन विकली जाणारी बरीच ई-सिम फक्त डेटाची असतात, त्यांना फोन नंबर नसतो. त्या देशातल्या टॅक्सीवाल्याला किंवा हॉटेलला साधा फोन लावायचा असेल तर ती उपयोगाची नाहीत. तिथे नंबर असलेलं स्थानिक सिमच लागतं.

नवं सिम घातल्यावर 'नंबर बदलायचा का?' असं व्हॉट्सॲपनं विचारलं तर नाही म्हणावं. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालत राहतं, नेट कुठल्याही सिमचं असो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं, ज्या सिमवर खातं उघडलं ते फोनमध्ये असल्याशिवाय मेसेजिंग ॲप चालू नये, असे निर्देश कंपन्यांना दिले. भारतीय सिम फोनमध्येच ठेवायला हे आणखी एक कारण झालं.

देश बदलला की नियम बदलतात

युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा शुल्काशिवाय वापरता येतं. म्हणून फ्रान्समध्ये घेतलेलं सिम इटलीतही चालतं. पण भारतीयांच्या युरोप टूरमध्ये हमखास असणारं स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, आणि ब्रिटनही बाहेर पडलं आहे. सिम किंवा ई-सिम घेताना या दोन देशांची नावं यादीत आहेत का, हे पाहूनच पैसे द्यावेत.

दुबई आणि अबूधाबीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण तिथल्या नेटवर व्हॉट्सॲप कॉल लागत नाहीत. आईला रोज संध्याकाळी फोन करायची सवय असलेल्यानं तिथे जाताना कॉलचा पॅक घेतलेला बरा. चीनमध्ये तर व्हॉट्सॲप आणि गूगल दोन्ही बंद आहेत. तिथे उलटं घडतं, महाग वाटणारं भारतीय रोमिंगच कामी येतं. रोमिंगचा डेटा साधारणपणे आपल्या देशातल्या कंपनीमार्फत फिरून जातो, त्यामुळे हॉटेलच्या वायफायवर न उघडणारं ॲप रोमिंगवर बहुधा उघडतं.

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केलं. घरातला जुना फोन 'फक्त कॉलपुरता' घेऊन जाणाऱ्यांनी त्यात फोर-जीवरून कॉल करायची सोय आहे का ते आधी बघावं. शिवाय विमानातलं आणि क्रूझवरचं नेटवर्क हे वेगळंच प्रकरण आहे. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जाऊ शकतो, आणि देशाच्या नावानं घेतलेल्या पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं. बोटीवर चढताना फ्लाइट मोड लावून वायफाय तेवढं चालू ठेवणं हा सोपा उपाय.

सहा महिने मुलांकडे जाणाऱ्यांसाठी

आठ दिवसांच्या टूरपेक्षा खरा धोका असतो तो मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांना. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. ट्रायच्या नियमानुसार खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील, तर ते कापून नंबर आणखी ३० दिवस राखला जातो. पण नंबर राखला गेला म्हणजे सेवा चालू राहिली असं नाही. रिचार्जची मुदत संपली की ओटीपी अडकू शकतात.

बंद झालेला नंबर काही काळानं नव्या ग्राहकाला दिला जातो. त्याच नंबरला बँक, आधार, गॅस आणि पेन्शन जोडलेलं असेल तर काय होईल याची कल्पना करता येते. नोव्हेंबर हा तर हयातीच्या दाखल्याचा महिना, आणि तो ऑनलाइन काढताना मोबाइलवर ओटीपी येतो. म्हणून निघण्यापूर्वी वर्षभराच्या मुदतीचा रिचार्ज करून टाकावा. तो महाग वाटला तर भारतात राहणाऱ्या कुणाकडे तरी रिचार्जची जबाबदारी द्यावी. सिम घरी ठेवून शेजाऱ्यांकडून फोनवर ओटीपी विचारून घेण्याचा मार्गही काही जण काढतात. पण मग बँकेची किल्लीच दुसऱ्याच्या हाती जाते.

यूपीआय ॲप नव्या फोनमध्ये घालायचं असेल तर ते भारतातच घालावं. नोंदणीच्या वेळी ॲप त्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं, आणि परदेशातून पाठवलेल्या एसएमएसला पैसे पडतात. शिवाय तो गेलाच नाही तर सगळं तिथेच अडतं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहारही बँकेच्या ॲपमधून आधीच चालू करून ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवी कार्डं सुरुवातीला फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असतात.

एक छोटं काम राहतं, ते म्हणजे फोनमधले नंबर तपासणं. घरच्यांचे, डॉक्टरांचे, बँकेचे नंबर शून्य लावून किंवा नुसते दहा आकडी साठवलेले असतील तर परदेशातून ते लागत नाहीत. प्रत्येकापुढे +९१ असावं. बँकेचा १८०० ने सुरू होणारा टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागतच नाही, त्यासाठी बँकेच्या वेबसाइटवर परदेशी ग्राहकांचा वेगळा नंबर दिलेला असतो. तो, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर आणि तिथला आपत्कालीन नंबर कागदावरही लिहून पासपोर्टसोबत ठेवावा. युरोपात तो ११२ आहे, अमेरिकेत ९११, तर ब्रिटनमध्ये ९९९. मोबाइल चोरीला गेला तर तो कागद आणि कुणाचाही फोन पुरतो.