बाळंतिणीचे रक्त

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कामगार संघटनेच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयात झाले. वैद्यकातला अधिकार आम्ही सांगत नाही. पण रक्तदानाच्या शिबिरांत टेबल मांडून बसत असू, तेव्हा कार्डावरच्या 'निगेटिव्ह' शब्दाचा अर्थ कामगार विचारीत आणि आम्हांला सांगता येत नसे. म्हणून शोधू लागलो.

आणखी एक कारण होते. यंत्रमागावरच्या आमच्या एका सोबत्याची पहिली मुलगी धडधाकट. मागून झालेली दोन मुले मात्र पिवळी पडून गेली. घरात बोलणे चाले ते सुनेच्या पायगुणाचे.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात रक्तगट दाखवून दिले. गट जुळला की रक्त बिनधोक, अशी पुढे समजूत झाली. १९३७ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात एक बाई दुसऱ्या बाळंतपणात अडली. मूल मृत जन्मले, रक्त फार गेले. नवऱ्याचा गट तोच, 'ओ'. त्याने आपले रक्त दिले. त्यासरशी बाईला हुडहुडी भरली, अंग ठणकू लागले, लघवीतून रक्त गेले. फिलिप लेव्हिन यांनी तिचे रक्त नवऱ्याच्या रक्ताशी ताडून पाहिले, तो गुठळ्या! 'ओ' गटाच्या इतर बहुतेकांच्या रक्तातही तेच. जुळणारे रक्त निवडून दिले, तेव्हा ती वाचली. लेव्हिन आणि स्टेटसन यांनी १९३९ साली तर्क मांडला: बापाकडून गर्भात आलेले काहीतरी आईत नाही; आईच्या शरीराने त्याला परके मानून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. आमच्या मते या इतिहासातली मोठी गोष्ट हीच. मूल गेले म्हणून बाईकडे बोट न दाखवता कोणीतरी तिचे रक्त तपासले.

१९४० साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडांच्या रक्ताच्या साहाय्याने या घटकाचा माग काढला. म्हणून नाव 'आर-एच'. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरांत सुमारे पंधरा, आपल्याकडे सुमारे पाच माणसे निगेटिव्ह. आई निगेटिव्ह, मूल पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीच्या वेळी मुलाचे थोडे रक्त आईत उतरते. पहिले मूल बहुधा सुखरूप राहते. पुढच्या मुलाच्या तांबड्या पेशी आईची प्रतिपिंडे फोडतात. निगेटिव्ह मुलीला पॉझिटिव्ह रक्त चढवले, तरी हेच बीज पडू शकते.

उपाय १९६० नंतर निघाला. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी सिंगसिंग तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केले. 'स्वेच्छेने' म्हणतात; कैद्याची स्वेच्छा किती, हे आम्हांला टोचते. लिव्हरपूलचे डॉक्टरही त्याच मार्गाने गेले. १९६८ पासून अँटी-डीची लस अमेरिकेत बाजारात आली. ती मुलाच्या पेशी आईच्या शरीराने ओळखण्याआधीच नाहीशा करते. गर्भपातानंतरही आणि पॉझिटिव्ह मूल झाल्यावर ७२ तासांच्या आत ती द्यावी लागते. गरोदरपणी अठ्ठाविसाव्या आठवड्यातही देतात. प्रतिपिंडे एकदा तयार झाली, की मग उपयोग नाही. ही लस माणसाच्याच रक्तद्रवातून काढतात. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन या रेल्वेच्या कारकुनाने १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा दान केले.

हे सारे आम्ही सोबत्याच्या घरी सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अण्णा, म्हणजे माझ्या रक्तामुळं?" आम्ही म्हटले, तुझेही चांगले, तिचेही चांगले, फक्त एकमेकांशी जुळत नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सासूबाईंनी त्यांना हाक मारून आपल्याजवळ बसवून घेतले.