चर्चच्या अंगणातली शाळा

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात एका मुलाने मध्येच विचारलं, "टीचर, 'अमर अकबर अँथनी'मधला अँथनी गोन्साल्विस खरंच होता का?" वर्ग हसला. मीही "पिक्चरमधलं नाव आहे, बेटा" म्हणून धडा पुढे नेला. घरी येऊन वाचलं, तेव्हा लाज वाटली. अँथनी गोन्साल्विस होते. दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावचे, व्हायोलिनचे उस्ताद. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या चित्रपटातलं ते गाणं म्हणजे शागिर्दाने उस्तादाला केलेला सलाम.

अँथनी यांचे वडील गावच्या चर्चचे संगीत-मास्तर होते. हा धागा धरून मागे गेलं की आपण एका शाळेच्या दारात पोहोचतो. तिला पोर्तुगीजमध्ये 'एस्कोला पारोकियाल' म्हणत, म्हणजे चर्चची गावशाळा.

या शाळेची सुरुवात सोळाव्या शतकाच्या मध्यातली. गोव्यातले धर्माधिकारी मिगेल वाझ यांचं नाव तिच्याशी जोडलं जातं. चर्च उभं राहिलं की त्याच्या आवारात मुलांना शिकवण्याची सोय व्हायची. शिकवायचं काय? प्रार्थना, धर्माचे मूळ पाठ, अक्षरओळख आणि संगीत. रविवारच्या मिस्साला, सणाला, लग्नाला, मयताला गाणारे-वाजवणारे लागत. ते गावातच तयार करायचे, एवढा सरळ हिशोब. शिकवणाऱ्याला 'मेस्त्रे' म्हणत. त्याच्या पगाराला गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या, उत्पन्नातूनही हातभार लागे.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला, तेव्हा त्याने शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली. ही गोष्ट त्याने स्वतःच राजाला पत्रातून कळवली. पुढे १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामाकडे वळवलं गेलं. १५५९ मध्ये हिंदूंची अनाथ मुलं ख्रिस्ती करण्यासाठी सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात देण्याचा कायदा आला. चर्चची गावशाळा याच राजवटीत वाढली. धर्म रुजवणं हेच तिचं उघड ध्येय होतं. मग एका मुसलमान बाईने तिच्याविषयी आदराने का लिहावं?

कारण शाळा कशासाठी काढली हा एक इतिहास असतो, आणि मुलं तिथून काय घेऊन बाहेर पडली हा दुसरा. दोन्ही लिहावे लागतात.

भाषेचंच पाहा. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट सासष्टीत राहिले आणि त्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. लोकांच्या भाषेत बोलल्याशिवाय शिकवता येत नाही, हे त्यांना उमगलं होतं. सत्तेला मात्र ते उमगलं नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं, तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोला. कोकणी काही मेली नाही. घराघरात ती बोलली जात राहिली.

आणि चर्चच्या अंगणात मुलं आणखी एक लिपी शिकत राहिली. पाच रेघांची, स्वरांची. आधी तोंडाने स्वर म्हणायचे, हाताने ताल धरायचा. ते पक्कं झालं की मग हातात व्हायोलिन. शेतकऱ्याचा, सुताराचा, खलाशाचा मुलगाही कागदावर लिहिलेलं संगीत पाहून वाजवू लागला. आपल्याकडे संगीत घराण्यात, उस्तादाच्या पायाशी, कानाने शिकण्याची रीत. तिथे ते पाढ्यांसारखं शिकवलं जात होतं.

गोव्यात पोट भरेना, तेव्हा ही मुलं मुंबईला आली. धोबी तलावाच्या आसपास गावागावाचे 'कूड' होते. तिथे गाववाल्याला स्वस्तात पथारी आणि ट्रंक ठेवायला जागा मिळे. कोणी पोलिस बँडमध्ये लागला, कोणी हॉटेलात, कोणी मूकपटांच्या थिएटरात. बोलपट आले आणि स्टुडिओत मोठा वाद्यवृंद जमू लागला. संगीतकार पेटीवर चाल ऐकवत, पण तीस-चाळीस वादकांना एकाच वेळी एकत्र वाजवायचं तर ती कागदावर उतरायला हवी. ते काम गोव्याच्या माणसांनी केलं. हसरत जयपुरींची उर्दू, शंकर-जयकिशनची चाल, रफीसाहेबांचा आवाज आणि मागे सेबॅस्टियन डिसोझांनी लिहिलेलं वाद्यसंगीत. आपल्या घरात ईदच्या दिवशी वाजणाऱ्या कित्येक जुन्या गाण्यांत चर्चच्या त्या अंगणाचा वाटा आहे. पडद्यावर मात्र मेस्त्रेच्या शिष्यांची नावं सहसा येत नसत.

गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा करून दाखवला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे ते शिकायला अमेरिकेत गेले, परतल्यावर माजोर्ड्यातच राहिले आणि जानेवारी २०१२ मध्ये वारले. तोवर गावोगावच्या त्या शाळाही ओसरल्या होत्या. पोरं नव्या शाळांत गेली, मेस्त्रेचा तुटपुंजा पगार कोणाला परवडेना.

हे वाचताना मला आमचा मकतब आठवत होता. मशिदीच्या ओसरीवर टाटपट्टी, पुढ्यात रेहल, मौलवीसाहेबांची छडी आणि अलिफ-बे. आम्हाला अर्थ कळत नव्हता, पण उजवीकडून डावीकडे डोळा फिरायला लागला. त्याच डोळ्याने मी पुढे उर्दू वाचली आणि बीएड करून आज तीच शिकवते. मौलवीसाहेबांनी मला शिक्षिका करण्यासाठी शिकवलं नव्हतं. त्यांनी सबक पक्का करून घेतला, एवढंच.

आज शाळांचं 'ध्येय' बोर्डावर रंगवलेलं असतं. आमच्याही शाळेत आहे. पण आमच्या उर्दू वर्गांचा पट दरवर्षी घटतो आहे, आणि 'या भाषेचा उपयोग काय?' हा प्रश्न पालक मला विचारतात. माझ्याकडे नोकरीची हमी नाही. माजोर्ड्याच्या मेस्त्रेकडेही नव्हती. समोरच्या पोराला वाचता यायला हवं, एवढीच गोष्ट त्याच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलाला उभं केलं आणि म्हटलं, "बेटा, काल मी चुकीचं सांगितलं. अँथनी गोन्साल्विस होते." मग भूगोलाच्या नकाशावर माजोर्डा कुठे असेल ते आम्ही सगळ्यांनी मिळून शोधलं.