राउटर अपडेट झाला आणि वाय-फाय बदललं : काय बदलतं, काय करावं, काय करू नये

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व) : रात्री झोपताना नेट व्यवस्थित होतं. सकाळी उठलो तर आमच्या मोबाईलवर चालू, पण दादींच्या जुन्या फोनवर बंद. प्रिंटर सापडेना, दारावरचा कॅमेरा दिसेना. वायर कुणी हलवली नाही, बिलही भरलेलं. मग झालं काय? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं : रात्री राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट झालं.

इंद्रलोकच्या इमारतींमध्ये आता घरोघरी राउटर आहे. मुलांचा अभ्यास, घरबसल्या काम, आखातात असलेल्या अब्बांशी बोलणं, सगळं त्या एका डब्यावर चालतं. म्हणून अपडेटनंतर नेमकं काय बदलतं, ते आम्ही इथे एकत्र देत आहोत. हा लेख जपून ठेवा, गरज पडेल तेव्हा काढून वाचा.

अपडेट येतं कुठून?

दोन वाटांनी. राउटर नेट कंपनीने दिलेला असेल तर कंपनी तिच्या ऑफिसातूनच तो अपडेट करू शकते, आपल्याला विचारलं जाईलच असं नाही. राउटर आपण विकत घेतलेला असेल तर त्याच्या ॲपमध्ये किंवा सेटिंगच्या पानावर अपडेटचं बटण असतं. काही राउटरमध्ये आपोआप अपडेटची वेळ पहाटे तीन ते पाच अशी आधीच ठरवलेली असते. रमजानमध्ये हीच सहरीची वेळ. घर जागं असतं, नेट चालू असतं आणि राउटर अचानक बंद-चालू होतो. ही वेळ बदलता येते, दुपारची ठेवावी. अपडेट चालू असताना राउटरची वीज बंद करू नका. अर्धवट राहिलं तर डबा कायमचा निकामी होऊ शकतो.

नेहमी दिसणारे बदल

१. नवं कुलूप. वाय-फायच्या पासवर्डमागे एक सुरक्षा पद्धत असते. २००६पासून डब्ल्यूपीए-२ ही पद्धत प्रमाणित उपकरणांसाठी सक्तीची झाली. २०१७मध्ये तिच्यातली एक मोठी त्रुटी उघड झाली आणि २०१८मध्ये डब्ल्यूपीए-३ आली. अपडेटनंतर राउटर नव्या पद्धतीवर गेला की जुने फोन अडकतात. अँड्रॉइड १०च्या आधीच्या फोनना ती बहुधा समजतच नाही. पासवर्ड बरोबर टाकूनही 'जोडता येत नाही' असं येतं. उपाय : सेटिंगमध्ये 'डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३' अशी मिश्र पद्धत निवडा. सुरक्षा पूर्ण काढून टाकू नका.

२. दोन नावांचं एक नाव. पूर्वी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वाय-फाय नावं दिसायची. अपडेटनंतर दोन्ही एका नावात मिसळतात आणि कोणत्या लहरीवर जायचं ते राउटर ठरवतो. फोनला हे सोयीचं. पण स्वस्त कॅमेरे, बल्ब, जुने प्रिंटर फक्त २.४वर चालतात आणि नव्याने जोडताना गोंधळतात. उपाय : ते जोडेपर्यंत दोन नावं वेगळी करा, मग हवं तर पुन्हा एक करा.

३. ५ गिगाहर्ट्झ उशिरा दिसणं. भारतात २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ५ गिगाहर्ट्झचे बरेच पट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे झाले. त्यातल्या काही चॅनेलवर रडारही चालतात, म्हणून राउटर सुरू होताना आधी साधारण एक मिनिट कानोसा घेतो, मग वाय-फाय सोडतो. अपडेटने चॅनेल बदललं असेल तर ही वाट नवीन वाटेल. तो बिघाड नाही. वारंवार बंद-चालू करू नका, मिनिटभर थांबा.

४. बटणाने जोडणी बंद. 'डब्ल्यूपीएस' बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सवय अनेकांना आहे. त्यातला आठ आकडी पिन जेमतेम ११ हजार प्रयत्नांत फोडता येतो, हे २०११मध्येच दाखवून दिलं गेलं. म्हणून नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते अनेकदा बंद असतं. बंदच राहू द्या.

५. सेटिंगचा पासवर्ड बदलायची सक्ती. 'ॲडमिन-ॲडमिन' आता चालत नाही. २०१६मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीने दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर काबीज केले होते. ब्रिटनने तर २०२४च्या एप्रिलपासून असे सोपे पासवर्ड कायद्यानेच बंद केले. लक्षात ठेवा, हा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो. दोन्ही वहीत लिहून ठेवा.

६. मुलांचं वेळापत्रक चालेना. रात्री दहानंतर मुलाच्या फोनचं नेट बंद होईल, असं आपण लावलेलं असतं. नवे फोन मात्र आपला खरा पत्ता लपवून राउटरला दुसराच दाखवतात. राउटरला तो नवीनच फोन वाटतो आणि बंदी लागू होत नाही. उपाय : मुलाच्या फोनमध्ये, फक्त घरच्या वाय-फायसाठी, हा 'खासगी पत्ता' बंद करा आणि वेळापत्रक पुन्हा लावा.

स्वतः सॉफ्टवेअर टाकणाऱ्यांसाठी

आपल्याकडची काही तरुण मुलं राउटरवर 'ओपनडब्ल्यूआरटी' हे मुक्त सॉफ्टवेअर टाकतात. त्यांनी आवृत्त्या उडी मारून घेऊ नयेत. २२.०३ या आवृत्तीत आतली फायरवॉल बदलली, त्यामुळे स्वतः लिहिलेले जुने नियम तसेच्या तसे चालत नाहीत. २०२५च्या फेब्रुवारीत आलेल्या २४.१०वर २३.०५वरून सेटिंगसकट जाता येतं, २२.०३वरून थेट जाण्याला मान्यता नाही. अपडेटसोबतची माहिती आधी वाचा, मगच बटण दाबा.

सगळ्यात मोठी चूक

आता मुद्द्याचं. अपडेटनंतर नेट अडलं की आपण ओळखीच्या एखाद्या पोराला बोलावतो. तो डबा रिसेट करतो, पासवर्ड 'एक ते आठ' ठेवतो, कधी काढूनच टाकतो. सगळ्यांचे फोन जोडले जातात, सगळे खूश. पण घराचं दार उघडं राहिलं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

याची किंमत काय, ते नवी मुंबईने पाहिलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा ई-मेल गेला. माग काढत पोलीस सानपाड्यात पोहोचले, एका अमेरिकी नागरिकाच्या घरी. ई-मेल त्याने लिहिला नव्हता, त्याचं इंटरनेट दुसऱ्याने वापरलं होतं. तरी त्याची चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले. पुढे २००९मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

तपास आधी कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्या दारात येतो. मेल कुणी पाठवला हे नंतर सिद्ध होतं, तोवरचे दिवस घरच्यांना काढावे लागतात. आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. म्हणून एका जुन्या फोनसाठी सगळ्या घराचं कुलूप काढू नका.

मग जुन्या फोनचं आणि शेजाऱ्यांचं काय?

शेजाऱ्याचा हक्क आपण मानतो, पासवर्ड मागितला तर नाही म्हणवत नाही. त्यासाठी 'गेस्ट' नेटवर्क आहे. बहुतेक राउटरमध्ये ते मिळतं. त्याला वेगळं नाव, वेगळा पक्का पासवर्ड द्या, काम झालं की बंद करा किंवा पासवर्ड बदला. दादींचा जुना फोन आणि कॅमेरेही तिथेच जोडता येतात. गेस्टवरच्या उपकरणांना घरातले बाकीचे संगणक सहसा दिसत नाहीत, हा फायदा. प्रिंटर मात्र मुख्य नेटवर्कवरच ठेवा, नाहीतर छपाई होणार नाही. एक ध्यानात असू द्या : गेस्टवरून कुणी काही केलं तरी कनेक्शन आपल्याच नावावर असतं. म्हणून ओळखीच्या माणसालाच द्या.

अपडेटनंतरची दहा मिनिटं

- आधी जुन्या सेटिंगचा फोटो काढलेला असावा : वाय-फायचं नाव, सुरक्षा पद्धत आणि कंपनीने दिलेलं लॉगिन. रिसेट केल्यावर हे लॉगिन पुसलं जातं आणि नेटच येत नाही.
- कोणतं उपकरण अडलंय ते पाहा. एकच असेल तर दोष बहुधा त्याच्या जुनेपणात आहे. वरच्या सहांपैकी जे लागू असेल तेवढंच बदला.
- फोनमध्ये जुनं वाय-फाय 'विसरा' करून पुन्हा जोडून पाहा.
- जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. अनोळखी काही दिसलं तर पासवर्ड लगेच बदला.
- बाहेरून राउटर चालवायची सोय बंद आहे ना, ते तपासा.
- रिसेट हा शेवटचा उपाय.

राउटरला अपडेट येणंच बंद झालं असेल, तर नवा घ्यायची वेळ आली असं समजा. व्हायरसची शंका असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधनं मिळतात. पैशाची फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३०वर फोन करा.

या शुक्रवारी जुम्मानंतर दहा मिनिटं काढा, घरातल्या मुलांना सोबत घेऊन राउटरचं पान एकदा उघडून बघा. मुलांना यातलं बरंच कळतं. कुलूप का काढायचं नाही, ते मात्र आपणच सांगायचं.